घोड्याचे कागद: रजिस्ट्रेशन आणि ब्रीड असोसिएशनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे घोडा माझ्या नावावर झाला ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो म्हणून हा प्रश्न पहिला घेतलाय. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट हा घोड्याचा जन्मदाखला समजा, म्हणजे तो कोण, कधी जन्मला, बाप कोण, आई कोण, अंगावर खुणा काय. त्यावर मालकाचं नाव असतं खरं, पण ते ब्रीड असोसिएशनला (त्या जातीच्या घोड्यांची नोंद ठेवणारी संस्था) शेवटचं जे कळवलं गेलं तेवढंच. घोडा तीन हात फिरून तुमच्याकडे आला असेल आणि मधल्या दोघांनी काहीच कळवलं नसेल तर रेकॉर्डवर अजून पहिलाच मालक दिसणार. तुमची मालकी दाखवायला विक्रीचा लेखी करार लागतो, त्यावर घोड्याचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, चिप नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या. दोन्ही कागद वेगळे आहेत आणि दोन्ही पाहिजेत, एकावर भागत नाही.

पासपोर्ट, मायक्रोचिप, रजिस्ट्रेशन, कॉगिन्स... हे सगळं एकच आहे का?

चारही वेगळं. मायक्रोचिप ही फक्त ओळख आहे, तांदळाच्या दाण्याएवढी असते, बहुतेक ठिकाणी मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या जरा खाली, डोकं आणि पाठीच्या उंचवट्याच्या साधारण मधोमध बसवतात. आयएसओ प्रकारच्या चिपचा नंबर 15 आकडी असतो. चिपमध्ये तुमचं नाव पत्ता काही नसतं, फक्त नंबर, तो नंबर कुठल्यातरी डेटाबेसमध्ये घोड्याशी जोडलेला असेल तरच त्याचा उपयोग.

पासपोर्ट हा ओळखीचा आणि प्रवासाचा कागद. युरोपियन युनियनमध्ये प्रत्येक घोड्याला तो लागतोच, मग घोडा कुठल्या ब्रीडचा असो वा नसो, आणि घोडा गाडीत असेल तर पासपोर्टही सोबत असावा लागतो. त्यात यूईएलएन नावाचा 15 अक्षरी नंबर असतो, पहिली 6 अक्षरं कुठल्या देशाच्या कुठल्या डेटाबेसने दिला ते सांगतात आणि उरलेली 9 त्या घोड्याची स्वतःची. चिपचा नंबर पण 15 चा आणि हा पण 15 चा, त्यामुळे फॉर्मवर एकाच्या जागी दुसरा लिहिणं फार कॉमन आहे, नीट बघून लिहा.

रजिस्ट्रेशन म्हणजे एखाद्या ब्रीड असोसिएशनच्या स्टडबुकात, म्हणजे वंशनोंदीच्या पुस्तकात, नोंद. आणि कॉगिन्स ही इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमिया या रोगाची रक्ततपासणी आहे, तिचा वंशावळीशी काही संबंध नाही, पण कागदावर घोड्याचं चित्र आणि खुणा असतात म्हणून लोकांना तोच ओळखीचा कागद वाटतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायच्या असतील तर एफईआयचं (घोडेस्वारीच्या खेळांची जागतिक संघटना) रजिस्ट्रेशन आणखी वेगळं, ते ब्रीड बघत नाही.

घोडा विकत घेतोय. पैसे देण्याआधी कागदात नेमकं काय बघू?

कागद वाचायचा नाही, कागद हातात घेऊन घोड्यापाशी उभं राहायचं. लोक वंशावळ वाचत बसतात, अमुक चॅम्पियनचा नातू वगैरे, आणि समोरचा घोडा त्याच कागदाचा आहे का हे कोणी बघत नाही.

आधी चिप स्कॅन करून घ्या. व्हेट तपासणीला येणारच असतो, त्यालाच सांगा. नंबर एकेक आकडा जुळवा, शेवटचे चार बघून सोडू नका. स्कॅनरवर काहीच येत नसेल तर लगेच फसवणूक समजू नका, जुन्या काही चिप वेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या असतात आणि साध्या स्कॅनरला लागत नाहीत, दुसऱ्या स्कॅनरने मानेच्या दोन्ही बाजू बघा.

मग खुणा. कपाळावरचा टिळा कुठून सुरू होतो, नाकापर्यंत येतो का मधेच तुटतो, कुठला पाय पांढरा आणि किती उंच, डावा उजवा घोड्याचा धरायचा, बघणाऱ्याचा नाही. आणि भोवरे! कपाळावरचे, मानेवरचे भोवरे. अंगभर एकच रंग आणि कुठे पांढरं नाही असा घोडा असेल तर भोवऱ्यांशिवाय सांगण्यासारखी खूण फारशी नसते, म्हणून कागदावरच्या आकृतीत ते नीट काढलेले असतात. थरोब्रेडच्या, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या ब्रीडच्या, बाबतीत तिथली नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या जॉकी क्लबने पायाच्या आतल्या बाजूला जे कडक गाठीसारखे घट्टे असतात त्यांचे फोटोसुद्धा ओळखीसाठी घेतलेत, कारण प्रत्येक घोड्याचे वेगळे असतात. तिथल्याच जुन्या रेसच्या घोड्यांच्या वरच्या ओठाच्या आत टॅटू सापडतो, त्यातलं पहिलं अक्षर जन्मवर्षाचं, पण अक्षरं 26 च असल्यामुळे 26 वर्षांनी परत तेच अक्षर येतं, त्यामुळे वयाचा अंदाज दातांवरून पण घ्या.

लिंग बघा. कागदावर स्टॅलियन (खच्ची न केलेला नर) आणि समोर खच्ची केलेला घोडा, हे नेहमी दिसतं, बहुतेक वेळा कळवायचं राहिलेलं असतं, पण ते विकणाऱ्याने दुरुस्त करून द्यायचं, तुमच्या गळ्यात नको.

आणि शेवटी विकणारा आणि रेकॉर्डवरचा मालक एकच माणूस आहे का. नसेल तर मधल्या प्रत्येक विक्रीचा सही केलेला ट्रान्सफर फॉर्म मागा, साखळीतली एक कडी गेली की पुढचं सगळं अडकतं. असोसिएशनला रजिस्ट्रेशन नंबर देऊन सध्याचा मालक कोण हे विचारता येतं, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन पण दिसतं. सर्टिफिकेटचा मोबाईलवरचा फोटो हा पुरावा नाही, मूळ विकून टाकलेल्या घोड्याचा फोटो सुद्धा कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असतोच.

विकणारा म्हणतोय घोडा आत्ता न्या, कागद मागाहून पाठवतो. चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे, कागद नाहीत तर बिनकागदी घोड्याचा भाव द्या आणि कागद कधी आलेच तर बोनस समजा. माणूस चांगला असेलही, पण कागद "मागाहून" येण्यामागे बरेचदा काहीतरी अडकलेलं असतं, मेंबरशिप संपलेली, आधीच्या मालकाची सही नाही, स्टॅलियनवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत. नाहीच ऐकायचं तर काही रक्कम रोखून ठेवा आणि कागद कुठल्या तारखेपर्यंत, नाही आले तर काय, हे करारात लिहून घ्या.

ट्रान्सफर कोणी करायचा, विकणाऱ्याने का घेणाऱ्याने?

नियम असोसिएशनप्रमाणे बदलतो, पण सही विकणाऱ्याची लागते आणि गरज घेणाऱ्याला असते, त्यामुळे घेणाऱ्यानेच मागे लागायचं. व्यवहाराच्या दिवशीच फॉर्मवर सही घ्या आणि स्वतः पाठवा. विक्रीची तारीख रिकामी ठेवू नका.

दोन नावांवर घोडा असेल तर नावांच्या मधे "आणि" आहे का "किंवा" हे बघा, अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनसारख्या ठिकाणी "आणि" असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात, "किंवा" असेल तर एकाची पुरते. पार्टनरशिपमध्ये घोडा घेताना हा एक शब्द कोणी बघत नाही आणि भांडण झाल्यावर सगळ्यांना आठवतो. घोडा कंपनीच्या किंवा फार्मच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याला तसा अधिकार दिल्याचा कागद असोसिएशनकडे आहे का तेही विचारा.

घोडी फळवायची आहे. कागदाचं काम शिंगरू झाल्यावर सुरू होतं ना?

तेव्हा सुरू केलंत तर उशीर झालेला असतो. शिंगराचे कागद घोडी फळवायच्या आधीपासून सुरू होतात आणि त्यातले अर्धे तुमच्या हातात नसतात, स्टॅलियनवाल्याच्या हातात असतात.

एक तर स्टॅलियन त्या असोसिएशनकडे ब्रीडिंगसाठी मान्य आहे का. काही ठिकाणी त्याचा डीएनए आधीच फाइलवर लागतो, काही ठिकाणी जनुकीय तपासणी पण, आणि युरोपातल्या वॉर्मब्लड (खेळासाठी तयार केलेल्या घोड्यांची ब्रीड) स्टडबुकात तर स्टॅलियनला परीक्षा पास होऊन लायसन्स लागतं, नाहीतर शिंगरू मुख्य पुस्तकात जातच नाही. दुसरं, सीझन संपल्यावर स्टॅलियनवाल्याने कुठकुठल्या घोड्या कुठल्या तारखांना लागल्या याचा रिपोर्ट द्यायचा असतो. अमेरिकन क्वार्टर हॉर्सला तो 30 नोव्हेंबरपर्यंत जातो, अमेरिकेच्या जॉकी क्लबला 1 ऑगस्टपर्यंत. तुमच्या घोडीचं नाव त्या रिपोर्टात नसेल तर पुढे कितीही सुंदर फॉर्म भरा, शिंगराचा अर्ज थांबणार. म्हणून सीझन संपताना फोन करून विचारा, "रिपोर्ट गेला का, आमच्या घोडीचं नाव आहे का", आणि जमलं तर कॉपी मागा.

ब्रीडर्स सर्टिफिकेटवर, म्हणजे घोडी या स्टॅलियनला लागली होती या दाखल्यावर, स्टॅलियनवाल्याची सही लागते आणि बरेच जण ते फी पूर्ण भरल्याशिवाय देत नाहीत, करारातच लिहिलेलं असतं, वाचा. घोडी भाड्याने आणली असेल तर भाडेकराराची नोंद असोसिएशनकडे फळवायच्या आधी करा, कारण फळवताना घोडीचा मालक कोण होता यावर ब्रीडर म्हणून कोणाचं नाव लागणार ते ठरतं.

आर्टिफिशियल इन्सेमिनेशन, एम्ब्रियो ट्रान्सफर चालतं का?

ब्रीडवर आहे. थरोब्रेडमध्ये बिलकुल नाही, नैसर्गिक मिलनच पाहिजे, आई बाप दोन्ही शंभर टक्के थरोब्रेड असले तरी इन्सेमिनेशनने झालेलं शिंगरू स्टडबुकात घेत नाहीत. क्वार्टर हॉर्समध्ये कूल्ड (थंड केलेलं वीर्य), फ्रोझन (गोठवलेलं वीर्य), एम्ब्रियो (गर्भ दुसऱ्या घोडीत ठेवणं) सगळं चालतं पण प्रत्येकाची वेगळी नोंद आणि परवानगी आहे, ती आधी घ्यायची. क्लोन मात्र तिथेही नाही, त्यावरून क्वार्टर हॉर्स असोसिएशनवर केस झाली होती, 2013 मध्ये ज्यूरीने क्लोनवाल्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2015 मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला.

शिंगरू झालं, आता किती दिवसांत काय?

जन्मतारीख आणि वेळ लगेच लिहून ठेवा, फोटो पहिल्या काही दिवसांत काढा. जॉकी क्लबला शिंगरू जिवंत झाल्याचा रिपोर्ट 30 दिवसांत हवा असतो, त्यानंतर ते अर्ज आणि डीएनए किट पाठवतात, आणि रजिस्ट्रेशन वर्षाच्या आत केलं नाही तर लेट फी. बाकी असोसिएशनमध्येही साधारण हाच प्रकार, जितका उशीर तितकी फी वर, आणि फार उशीर झाला की नुसते पैसे भरून भागत नाही, जास्तीचे पुरावे लागतात. दूध तोडायच्या आत संपवा, म्हणजे शिंगरू आईपाशी असतानाच, कोणाचं कोण हा प्रश्नच येत नाही.

जाता जाता, थरोब्रेडचं वय जन्मतारखेवर मोजत नाहीत. उत्तर गोलार्धात सगळे 1 जानेवारीला एक वर्षाने मोठे होतात, दक्षिणेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत 1 ऑगस्टला. त्यामुळे उत्तरेत डिसेंबरच्या शेवटी झालेलं शिंगरू काही दिवसांचं असतानाच कागदावर एक वर्षाचं होतं, म्हणून ब्रीडिंगच्या तारखा इतक्या मोजून ठरवतात.

डीएनएसाठी केस पाठवायचे आहेत. कापून पाठवले तर चालतील?

नाही, उपटून, मुळासकट. उपयोगाचा डीएनए मुळाशी असतो. आयाळीचे किंवा शेपटीचे साधारण 20 ते 30 केस, त्वचेजवळ धरून झटक्यात ओढायचे आणि टोकाला छोटी पांढरी गाठ दिसते का बघायचं. हात आणि केस कोरडे पाहिजेत. शिंगराच्या अंगावर आईचे केस चिकटलेले असतात, आधी ब्रश मारा. आणि एका वेळी एकच घोडा, त्याचे केस पाकिटात, पाकिटावर नाव, बंद, मग दुसरा. चार शिंगरांचे केस काढून खिशात ठेवून घरी जाऊन पाकिटं भरणारे लोक आहेत, मग लॅबला दोष देतात.

रिपोर्ट आला की बाप जुळत नाही. आता?

आधी शांत बसा. तपासणीत प्रत्येक मार्करवर (डीएनएमधली तपासायची ठरलेली जागा) शिंगराला एक भाग आईकडून आणि एक बापाकडून आलेला असावा लागतो, अनेक मार्करवर बापाचा भाग सापडला नाही तर तो बाप नाही. शास्त्र पक्कं आहे, चूक झाली असली तर सहसा पाकिटात असते. म्हणून पहिली गोष्ट नवीन केस पाठवून पुन्हा तपासणी. तरी तेच आलं तर त्या सीझनमध्ये घोडी दुसऱ्या कुठल्या घोड्याच्या जवळ होती का आठवा, दोन स्टॅलियन लावले होते का, फार्मवर एखादा दीड दोन वर्षाचा नर मोकळा होता का (अजून लहान आहे म्हणतात आणि तोच निघतो), फ्रोझन वीर्याची स्ट्रॉ (साठवायची नळी) अदलाबदल झाली का. संशय असेल त्या घोड्याशी जुळवून बघायला सांगता येतं, आणि असोसिएशनला जे खरं असेल ते सांगा. आई जुळत नसेल तर मात्र दोन शिंगरांची किंवा दोन पाकिटांची अदलाबदल झाली का ते सगळ्यात आधी बघा.

फॉर्मवर रंग तांबडा लिहिला होता, आता घोडा पांढरट होत चाललाय!

ग्रे आहे तो. ग्रे घोडे जन्मतात गडद, काळे, बे (तपकिरी अंग, काळी आयाळ शेपटी), तांबडे कसेही, आणि वर्षागणिक पांढरे होत जातात. शिंगराच्या डोळ्याभोवती आणि पापण्यांजवळ पांढरे केस दिसायला लागले की समजायचं. असोसिएशनला कळवून रंग दुरुस्त करून घ्या, नवीन फोटो लागतील.

पण एक बघा, ग्रे व्हायला आई बापापैकी एक तरी ग्रे लागतोच. दोघंही ग्रे नसतील आणि शिंगरू ग्रे असेल तर प्रश्न रंगाचा राहत नाही, बाप कोण हा होतो. तसंच दोन चेस्टनट (तांबड्या) घोड्यांना बे किंवा काळं शिंगरू होत नाही. ऑफिसातली माणसं हे एका नजरेत पकडतात, त्यामुळे अंदाजाने रंग ठोकून देऊ नका. पहिले जन्मकेस गळाल्यावर खरा रंग कळतो, पायाच्या केसांवरून तर अजिबात ठरवू नका.

जनुकीय तपासणी सक्तीची का करतात, माझा घोडा तर ठणठणीत आहे?

कारण ठणठणीत घोडा वाहक असू शकतो. क्वार्टर हॉर्समधलं एचवायपीपी घ्या, हा स्नायूंचा आजार इम्प्रेसिव्ह नावाच्या एका अतिशय गाजलेल्या स्टॅलियनकडून पसरला, त्याच्या वंशाला भरदार स्नायूंसाठी शोमध्ये बक्षिसं मिळत गेली आणि लोक अजून ब्रीड करत गेले. शेवटी असोसिएशनने 2007 पासून जन्मलेल्या, दोन्ही बाजूंनी हा जनुक आलेल्या शिंगरांचं रजिस्ट्रेशन बंद केलं. जीबीईडी हा दुसरा आनुवंशिक आजार वेगळा प्रकार, त्यात वाहक आई बाप पूर्ण निरोगी दिसतात पण शिंगराला दोन्हीकडून आला तर ते जगत नाही. अरबी घोड्यांत एससीआयडी (प्रतिकारशक्तीच नसणं), पेंट हॉर्स ब्रीडमध्ये लिथल व्हाइट (पांढरं जन्मलेलं शिंगरू जगत नाही), तेच गणित. तपासणी सक्तीची नसली तरी फळवण्याआधी करा, जीबीईडीसारख्या आजारांत वाहक असेल तर वाहक नसलेला जोडीदार बघायचा, एचवायपीपी मात्र एकाच बाजूने आला तरी त्रास देऊ शकतो.

नाव नाकारलं. का?

आधी लांबी मोजा. जॉकी क्लबला 18 अक्षरं, क्वार्टर हॉर्सला 20, इंग्रजी अक्षरं, आणि मधल्या मोकळ्या जागाही मोजतात. जिवंत माणसाचं नाव त्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही, जाहिरात वाटेल असं नाही, गाजलेल्या घोड्याचं नाव नाही. अक्षराचे नियमही आहेत, ट्राकेनर या जर्मन ब्रीडमध्ये आईच्या नावाचं पहिलं अक्षर, हॅनोव्हेरियन या दुसऱ्या जर्मन ब्रीडमध्ये बापाच्या, केडब्ल्यूपीएन या डच स्टडबुकात वर्षाप्रमाणे अक्षर ठरलेलं. चार पाच पर्याय देऊन ठेवा. तबेल्यात काय हाक मारायची ती मारा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

इन्स्पेक्शन म्हणजे काय? कागद असून पुन्हा परीक्षा?

हो, काही ब्रीडमध्ये आई बाप चांगले असणं पुरेसं नाही. फ्रिजियन घोड्यांची केएफपीएस ही संस्था, हॅनोव्हेरियन, ट्राकेनर, यांच्याकडे परीक्षक येऊन घोड्याची ठेवण, चाल बघून गुण देतात, त्यावर घोडी कुठल्या पुस्तकात जाईल आणि स्टॅलियन ब्रीड करू शकेल का ते ठरतं. पासपोर्ट किंवा सर्टिफिकेट आणि चिप सोबत पाहिजे, आणि घोड्याला हातात धरून सरळ रेषेत चालवायची, पळवायची सवय आधी करा. चांगली घोडी केवळ धरणाऱ्यामुळे वाईट दिसते.

माझ्या घोड्याचे कागदच नाहीत, पण दिसतो अगदी प्युअर. मिळतील का?

बंद स्टडबुक असेल तर नाही, दिसण्यावर कोणी घेत नाही, रजिस्टर झालेले आई बाप सिद्ध करावे लागतात. डीएनएने ब्रीडचा अंदाज सांगणाऱ्या टेस्ट मिळतात, त्यांच्यावर रजिस्ट्रेशन होत नाही. आई बाप माहीत आहेत आणि त्यांचा डीएनए फाइलवर आहे तर प्रयत्न करा, उशिराची फी आणि सह्यांची पळापळ होईल पण होऊ शकतं. नाहीतर अर्ध्या वंशाची, रंगावर घेणारी अशी वेगळी रजिस्टर असतात, क्वार्टर हॉर्समध्ये थरोब्रेड मिसळलेल्यांसाठी अपेंडिक्स नावाचं वेगळं रजिस्टर आहे आणि त्यातून कामगिरीवर मुख्य नंबर मिळवता येतो. ब्रीडिंग करायचं नसेल आणि फक्त रपेट मारायची असेल तर चिप आणि ओळखीचा कागद करून मोकळे व्हा.

कागद हरवले.

डुप्लिकेट मिळतो, पण रेकॉर्डवरच्या मालकालाच. प्रतिज्ञापत्र, नवे फोटो, कधी पुन्हा डीएनए. तुम्ही रेकॉर्डवर नसाल तर आधी ट्रान्सफरचं निस्तरा.

अर्ज पाठवून महिने झाले, असोसिएशन काही बोलतच नाही.

बरेचदा त्यांनी बोललेलं असतं, जुन्या ईमेलवर. खात्यावरचा पत्ता बघा, स्पॅम बघा, मेंबरशिप चालू आहे का बघा, संपली असेल तर काही ठिकाणी अर्ज हातच लावत नाहीत. मग फोन करा आणि "काय झालं" असं विचारू नका, "फाइलमध्ये काय कमी आहे" असं विचारा, कारण अर्ज नाकारलेला क्वचित असतो, थांबलेला असतो, सही नाही, फोटो एका बाजूचाच आहे, डीएनए रिपोर्ट आलेला नाही, स्टॅलियनवाल्याचा रिपोर्ट नाही. जे कमी आहे ते ईमेलवर लिहून मागा, एकदाच सगळं एकत्र पाठवा, प्रत्येक पानावर घोड्याचा नंबर लिहा, आणि कमी असलेली गोष्ट स्टॅलियनवाल्याकडची असेल तर तोच ईमेल त्याला पुढे पाठवा, तुमच्या दहा फोनने जे होत नाही ते असोसिएशनच्या एका ओळीने होतं.